वर तीस, खाली तीस

पहिला नंबर आल्याचं कळलं तेव्हा हेडसर शाळेच्या मागच्या गळक्या नळाला चिंधी बांधत होते. भाऊसाहेब, म्हणजे शाळेचे क्लार्क, ऑफिसातून धावत आले. भाऊसाहेब एरवी धावत नसत. बावीस वर्षांच्या नोकरीत ते एकदाच धावले होते, आणि तेव्हा मागे कुत्रं होतं.

“सर, फोन. वरच्या ऑफिसातून. अधिकारीबाई स्वतः बोलतायत.”

“काय म्हणतायत?”

“आपला पहिला नंबर आला.”

“कशात?”

प्रश्न रास्त होता. त्या भागात एकसष्ट शाळा होत्या. दरवर्षी सहावीच्या मुलांची एकच सामायिक परीक्षा व्हायची, गुणांची सरासरी निघायची आणि एकसष्ट शाळांची यादी लागायची. हेडसरांची शाळा मागच्या वर्षी अठ्ठावन्नावी होती, त्याच्या आधी सत्तावन्नावी. एकदा तर साठावी आली होती, आणि त्या वर्षी शिक्षकांनी एकमेकांना धीर दिला होता की कुणीतरी आहे बाबा आपल्यामागे. पण या वर्षी हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. शेवटच्या पाच शाळा बंद करून तिथली मुलं दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाळेत पाठवायची, असं पत्रच आलं होतं. हेडसर याच शाळेत मास्तर म्हणून चिकटले आणि याच शाळेत त्यांचे केस पिकले. निवृत्तीला दोन वर्षं होती. शाळेचं दार आपल्या हातांनी बंद करावं लागणार, या विचारानं तीन महिने त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

त्यांनी ओल्या हातानंच फोन घेतला.

“अभिनंदन,” अधिकारीबाई म्हणाल्या. “अठ्ठावन्नावरून एकदम पहिले. सरासरी अठ्ठ्याऐंशी. कमाल केलीत.”

“बाई, त्याचं असं झालं, की त्या दिवशी आमची बस...”

“सगळं ऐकायचंय मला. पण आत्ता मीटिंग आहे. सविस्तर बोलू,” असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

आता त्या दिवशी काय झालं होतं ते सांगायलाच हवं. सहावीत मुलं त्रेचाळीस. त्यांतली चौतीस लांबून शाळेच्या बसनं यायची. उरलेली नऊ शाळेच्या मागच्या शिक्षकांच्या वसाहतीतली. ज्यांच्या घरात जेवताना पाढे आणि झोपताना व्याकरण, अशी ती नऊ. परीक्षेच्या दिवशी सकाळी बस अर्ध्या वाटेत बंद पडली. ड्रायव्हरकाका गाडीखाली शिरले, कोपरापर्यंत काळे झाले, पण गाडी हलली नाही. परीक्षा नऊला सुरू होणार आणि सव्वानऊनंतर कुणालाही आत घ्यायचं नाही, असा नियम. चौतीस मुलं दहा वाजता चालत शाळेत पोचली तेव्हा नऊ मुलं निवांत पेपर सोडवत होती. सरासरी निघाली ती या नऊ जणांची.

फोन ठेवल्यावर हेडसर खुर्चीत बसले. “भाऊसाहेब, आपण फॉर्मवर लिहिलं होतं ना, बस बंद पडली म्हणून?”

“लिहिलं असावं.”

“असावं म्हणजे?”

“गडबड किती होती, सर. चौतीस मुलं दारात रडत होती. मी लिहिलंही असेल, नसेलही.”

“प्रत कुठाय?”

“कार्बन संपला होता.”

हेडसरांनी डोळे मिटून घेतले. पण खरं सांगायचं तर मिटलेल्या डोळ्यांमागे त्यांना थोडं गोडही वाटत होतं. पस्तीस वर्षांत त्यांचं कुणी अभिनंदन केलं नव्हतं. ते खोटं बोलले नव्हते. खरं बोलायला त्यांना कुणी वेळ दिला नव्हता, एवढंच. माणसानं स्वतःची समजूत घालायची ठरवली की कारणं अशी रांगेनं येतात.

घरी बायकोला बातमी सांगितली. ती दवाखान्यात नर्स होती आणि कुठल्याही बातमीची आधी नाडी बघायची.

“पहिला? तुमचा?”

“शाळेचा.”

“मुलं वर्षभरात एवढी हुशार झाली? औषध काय दिलंत?”

हेडसरांनी बसची हकिकत सांगितली. ती हातातलं पातेलं घासत शांतपणे ऐकत होती. “म्हणजे आमच्या दवाखान्यात फक्त धडधाकट माणसांना आत घेतलं, की आमचाही पहिला नंबर,” ती म्हणाली. “उद्या जाऊन खरं काय ते सांगून मोकळे व्हा.”

“सांगायला गेलो होतो. ऐकतच नाहीत.”

“ऐकत नाहीत, की तुम्ही हळू सांगता?”

हेडसरांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. दुसऱ्या दिवशी त्याच वर्तमानपत्राचा वार्ताहर शाळेत आला. तरुण होता, घाईत होता आणि वहीत तीन रेघा आधीच मारून आणल्या होत्या.

“सर, एकच सांगा. पहिल्या नंबरचं रहस्य काय?”

“रहस्य वगैरे काही नाही हो.”

“असं कसं? ज्या मुलांनी ही परीक्षा दिली, त्यांच्यात काहीतरी वेगळं असेलच की.”

हेडसर प्रामाणिक माणूस. ते खरोखर विचार करू लागले. परीक्षा दिलेल्या नऊ मुलांत असं काय होतं, जे बाकीच्या चौतिसांत नव्हतं? “तसं बघायला गेलं तर,” ते म्हणाले, “ती सगळी चालत शाळेत येतात.”

पुढचं वाक्य बसबद्दल होतं. पण वार्ताहराला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तो दारातून बाहेर पडला होता.

दुसऱ्या दिवशी मथळा आला: ‘चालणारी मुलं, धावणारी शाळा’. खाली हेडसरांचा फोटो. त्यात ते काहीतरी सांगायला तोंड उघडत होते, पण फोटोत आवाज येत नाही. मजकुरात पायी चालण्यानं बुद्धी कशी तल्लख होते, हे एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते डॉक्टर दातांचे होते.

मग सुरू झालं. दुसऱ्या टोकाच्या मोठ्या शाळेनं आपल्या सहा गाड्या आठवड्यातून तीन दिवस बंद ठेवल्या. ज्यांच्या घरी मोटार होती ते पालक मुलांना मोटारीतून आणून शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर उतरवायचे आणि तिथून चालवायचे. त्यामुळे कोपऱ्यावर मोटारींची इतकी दाटी झाली, की जी मुलं खरोखर चालत यायची त्यांना चालायला जागा उरली नाही. गावातलं बुटांचं एकमेव दुकान दोन दिवसांत रिकामं झालं.

हेडसरांच्या शाळेतही लोण आलंच. बसनं येणाऱ्या मुलांचे पालक तावातावानं ऑफिसात शिरले. “वसाहतीतल्या मुलांना चालवून हुशार करता, आणि आमच्यांना बसमध्ये बसवून ठेवता होय? हा कुठला न्याय?”

“अहो, तसं नाहीये ते. तुमची मुलं त्या दिवशी परीक्षेला पोचलीच नाहीत.”

“बसमुळेच ना?”

“हो, बसमुळे, पण...”

“झालं तर मग. तेच म्हणतोय आम्ही.”

दुसऱ्या दिवसापासून चौतीस मुलं चार-चार किलोमीटर चालत यायला लागली. शाळेत पोचायची आणि पहिल्या दोन तासांना बाकावर डोकं टेकून गाढ झोपायची. शिक्षक फळ्यावर लिहायचे तेही हळूच, खडूचा आवाज होऊ नये म्हणून. बस रोज रिकामी यायची आणि रिकामी जायची. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. आले ते ड्रायव्हरकाका, पायी, आणि त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

“माझी गाडी बंद पडली म्हणून शाळा पहिली आली, खरं ना?” काका म्हणाले.

“काका, तसं म्हणता येईल, पण...”

“म्हणजे इतकी वर्षं गाडी चालू ठेवून शाळा मीच बुडवली. राहू द्या किल्ली तुमच्याकडे.” आणि ते निघून गेले.

त्यात प्रवेशाची रांग. सकाळी दार उघडायच्या आधी माणसं उभी. भाऊसाहेबांनी एकशे बारा अर्ज घेतले आणि मग अर्जच संपले. हेडसर रांगेसमोर उभे राहून कळवळून सांगायचे, “आमच्या शाळेत विशेष काही नाही हो. साधी शाळा आहे. नळसुद्धा गळतो.” लोक एकमेकांकडे बघून मान डोलवायचे. किती साधा माणूस आहे बघा, म्हणायचे. हेडसरांनी जितकं नाही म्हणावं तितकी रांग लांबत गेली.

आणि मग ते पत्र आलं. येत्या सोमवारी उरलेल्या साठ शाळांचे साठ मुख्याध्यापक या शाळेला भेट देणार. सहावीचा वर्ग बघणार. मुलांना प्रश्न विचारणार. अधिकारीबाई स्वतः हजर राहणार. हेडसरांनी पत्र दोनदा वाचलं. सोमवारी वर्गात त्रेचाळीस मुलं असणार होती. त्यांतली चौतीस झोपलेली.

“एक उपाय आहे,” भाऊसाहेब खालच्या आवाजात म्हणाले. “सोमवारी त्या चौतिसांना सुट्टी देऊ. सहल म्हणून. नऊ पोरं पुढे बसवू. दोन तासांचा तर प्रश्न आहे.”

आपल्या मनात हा विचार आधीच येऊन गेला होता, याची हेडसरांना लाज वाटली. चालू वर्गाच्या खिडकीतून त्यांनी आत पाहिलं. चौथ्या बाकावरचा एक मुलगा झोपेतही वहीवर हात ठेवून होता, कुणी ओढून नेऊ नये म्हणून. या पोरांना लपवायचं? कुणापासून, आणि कशासाठी?

“भाऊसाहेब, सहल नको,” ते म्हणाले. “मी उद्या वरच्या ऑफिसात जातो.”

घरी बायकोनं त्यांचा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. “मोठ्यानं सांगा,” एवढंच म्हणाली.

अधिकारीबाईंच्या खोलीत हेडसर इतक्या मोठ्यानं बोलले, की बाहेरचा शिपाई आत डोकावला. “बाई, आमची शाळा पहिली नाही. बस बंद पडली. त्रेचाळीसपैकी नऊच मुलं परीक्षेला बसली. बाकीची कच्ची होती ती दहा वाजता पोचली. मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ती चूक माझी.”

अधिकारीबाईंचा चेहरा उतरला, आणि मग चढला. “म्हणजे कच्ची मुलं बरोब्बर त्याच दिवशी वाटेत अडकली? आणि तेही शाळा बंद होण्याचं पत्र हातात असताना? याला कोणी काय म्हणेल, कल्पना आहे तुम्हाला? त्या यादीखाली माझी सही आहे. ती यादी मी वर पाठवली आहे.”

“आम्ही फॉर्मवर लिहिलं होतं. बहुतेक.”

“बहुतेक?”

पस्तीस वर्षांची नोकरी, आणि शेवटी नावापुढे लबाड असा शिक्का. अधिकारीबाईंनी ऑफिसच्या क्लार्कला हाक मारली आणि मूळ फॉर्मांचा गठ्ठा मागवला. क्लार्क गठ्ठा घेऊन आला, धूळ झटकली, वरून एकेक फॉर्म उलटू लागला. हेडसर दुसरीकडे बघत बसले. त्यांना बघवेना.

“हा घ्या,” क्लार्क म्हणाला. “शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईनं लिहिलंय. ‘शाळेची बस बंद पडल्याने चौतीस विद्यार्थी गैरहजर. कृपया नोंद घ्यावी.’ खाली दोन रेघा मारल्यात.”

हेडसरांनी इतका मोठा सुस्कारा सोडला, की टेबलावरचे दोन फॉर्म हलले. मनातल्या मनात त्यांनी भाऊसाहेबांचे सगळे जुने अपराध माफ केले.

“मग हा शेरा यादीत का आला नाही?” बाईंनी विचारलं.

“कागदावर मावत नव्हता, बाई. शेरा आणि उपस्थिती, दोन रकाने जास्त होत होते. कागद आडवा घेतला तर फाइलमध्ये बसत नाही. म्हणून दोन्ही काढले.”

“कधीपासून?”

“यादी सुरू झाली तेव्हापासून.”

अधिकारीबाईंनी तो गठ्ठा आपल्याकडे ओढला आणि स्वतःच एकेक फॉर्म बघायला लागल्या. दुसरा नंबर आलेली मोठी शाळा: पटावर एकशे वीस, हजर चौऱ्याऐंशी. तिसरी: पटावर पन्नास, हजर बावीस. चौथीचंही तसंच. मग त्यांनी मागच्या वर्षीचा गठ्ठा मागवला, आणि त्याच्या मागच्या वर्षीचा, असे पाच वर्षांचे. चहा आला, गार झाला, साय धरली.

“दरवर्षी परीक्षेच्या दिवशी एवढी मुलं आजारी? साथ असते की काय त्या दिवशी?”

“असते ना, बाई,” क्लार्क म्हणाला. “पण ती फक्त कच्च्या मुलांनाच होते.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हेडसरांचे जुने फॉर्म बाजूला काढले. “तुमचे एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. अडतीसपैकी अडतीस. चव्वेचाळीसपैकी चव्वेचाळीस. पाच वर्षांत एकही मूल गैरहजर नाही. हे कसं काय?”

“ड्रायव्हर आणतो,” हेडसर म्हणाले. त्यांना याहून जास्त कधी विचारच करावा लागला नव्हता. “परीक्षेच्या दिवशी तो प्रत्येकाच्या दारात हॉर्न वाजवत उभा राहतो. मूल बाहेर येईपर्यंत वाजवतो. एकदा एका मुलाचा पाय प्लॅस्टरमध्ये होता, तर खांद्यावर बसवून आणला.”

“त्याला किती मार्क पडले?”

“बारा.”

अधिकारीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सोमवारची भेट रद्द,” त्या म्हणाल्या. “बुधवारी सगळ्या शाळांची परीक्षा पुन्हा. पटावरची सगळी मुलं हजर पाहिजेत. जो आजारी असेल त्याच्या घरी आमचा माणूस जाऊन बघेल. आणि कागद आडवा घ्या.”

“फाइलचं काय करू?” क्लार्क म्हणाला.

“फाइल मोठी घ्या.”

हेडसर बाहेर पडले तेव्हा त्यांना पायऱ्या उतरताना चक्क हलकं वाटत होतं. लबाडीचा शिक्का टळला होता. शाळेचं काय होणार ते मात्र अजून बुधवारवरच होतं, आणि बुधवारी चौतीस मुलांना चार किलोमीटर चालवून, झोपाळलेल्या डोळ्यांनी पेपरला बसवणं म्हणजे आपल्याच हातानं पायावर कुऱ्हाड मारून घेणं. पालकांना त्यांनी एकेकाच्या घरी जाऊन समजावलं, आणि पुन्हा परीक्षा म्हटल्यावर पालकांनाही पोरांची झोप आठवली. प्रश्न उरला काकांचा.

काका आपल्या अंगणात उलट्या बादलीवर बसून बुटाला पॉलिश करत होते. हेडसर आले तरी त्यांनी मान वर केली नाही.

“काका, बुधवारी गाडी हवी.”

“चालत आणा. हुशार होतात म्हणे.”

“काका, आपण दरवर्षी शेवटून चौथे-पाचवे यायचो ना, ते तुमच्यामुळेच.”

“हे सांगायला आलात होय इथवर?” काकांनी ब्रश खाली ठेवला.

“पुरतं ऐकून तर घ्या. बाकीच्या शाळा कच्ची मुलं घरी ठेवायच्या. तुम्ही एकालाही घरी राहू दिलं नाहीत. साठ शाळांनी निवडून आणलेली मुलं आणि आपली सगळीच्या सगळी मुलं, असा तो सामना होता. हे मला काल कळलं. ऑफिसात फॉर्म बघून अधिकारीबाईंनी विचारलं, हे कोण करतं म्हणून.”

काकांनी ब्रश पुन्हा उचलला. “प्लॅस्टरवाल्याला बाराच पडले होते.”

“बारा पडले, पण त्यानं मिळवले. घरी राहिला असता तर तेही नसते.”

“किल्ली आणलीय का?”

हेडसरांनी खिशातून किल्ली काढून दिली. काकांनी ती घेतली, आणि वर म्हणाले, “ब्रेकचं काम करून घ्यायचंय. ते आधी मंजूर करा. मग बघू.” हेडसरांनी जागच्या जागी मंजूर केलं. अशा वेळी माणूस काहीही मंजूर करतो.

बुधवारी पहाटेपासून गावाच्या कडेकडेनं हॉर्न ऐकू येत होता. पावणेनऊला बस शाळेच्या दारात आली आणि चौतीस मुलं उतरली. एकाच्या गळ्याला मफलर होता, एकीच्या हातात अर्धा ब्रेड होता, आणि सगळी जागी होती. हेडसरांनी दारात उभं राहून ती दोनदा मोजली.

पंधरा दिवसांनी यादी आली. आडवी, उपस्थितीच्या रकान्यासकट. भाऊसाहेब ती वरून वाचायला लागले, हेडसर सवयीनं खालून. दोघांची बोटं मधेच एकमेकांना येऊन टेकली.

“एकतीस,” भाऊसाहेब म्हणाले.

“एकसष्टात एकतीस म्हणजे वर तीस, खाली तीस,” हेडसर म्हणाले. “बरोब्बर मधोमध.” त्यांचे डोळे भरून आले. शेवटचे पाच कुठल्या कुठे राहिले होते. शाळा बंद होणार नव्हती. मोठी शाळा सव्विसावी आली होती, त्याचाही थोडा आनंद झाला, तो त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. त्यांनी शिपायाला बिस्किटं आणायला पिटाळलं, आणि एकतिसावा नंबर आल्याबद्दल सगळ्या शाळेनं बिस्किटं खाल्ली. काकांनी चार खाल्ली. घरी बायकोला सांगितलं तर तिनं पहिल्यांदाच नाडी न बघता “अभिनंदन” म्हटलं.

यादीबरोबर आणखी एक तक्ता आला होता, कुठला प्रश्न किती मुलांना जमला त्याचा. यादीत सगळ्यांचा जीव अडकलेला, त्यामुळे तक्त्याकडे कुणी बघत नाही. हेडसर या वेळी निवांत होते म्हणून त्यांनी बघितला. परिमितीचं गणित त्रेचाळीसपैकी अडतीस मुलांचं चुकलं होतं, वसाहतीतल्या नवांपैकी पाचांचंसुद्धा. सहावीचं गणित शिकवत होते स्वतः हेडसर. परिमिती ज्या आठवड्यात शिकवायची, त्या आठवड्यात ते शाळांच्या क्रमवारीवरच्या तीन मीटिंगांना गेले होते. त्यांनी तक्ता घडी घालून खिशात ठेवला. पहिल्या नंबरानं त्यांना एवढी खरी गोष्ट कधी सांगितली नव्हती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वर्गात सुतळीचा गुंडा नेला आणि पोरांना बाकांच्या कडा मोजायला लावल्या.

प्रवेशाची रांग मात्र एका रात्रीत पांगली. एकशे बारापैकी एकशे अकरा लोकांनी अर्ज परत नेले. काहींनी तर हेडसरांकडे असं बघितलं, जणू यांनीच फसवलं. हेडसरांनी प्रत्येकाला हसून निरोप दिला. कित्येक दिवसांत त्यांना इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

उरलेला एक अर्ज कुणाचा, ते सोमवारी कळलं. एक बाई अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन ऑफिसात आली. मुलगी दप्तर पोटाशी धरून आईच्या मागे उभी राहिली.

“बाई, यादी बदलली,” हेडसरांनी आधीच सांगून टाकलं. “आम्ही आता एकतिसावे आहोत. अर्जावर लिहिलंय, तुमची मुलगी मोठ्या शाळेत आहे. ती आमच्या वर आहे, सव्विसावी.”

“माहितीये सर.”

“मग अर्ज परत न्यायला आलात का?”

“नाही. प्रवेश घ्यायला आले.”

हेडसरांनी मुलीलाच विचारलं, “तुला ती शाळा आवडत नाही का गं?”

“आवडते,” मुलगी म्हणाली. “पण तिथे परीक्षेच्या दिवशी मला ताप येतो.”

“घाबरतेस का परीक्षेला?”

“नाही. वर्गातल्या बाई आदल्या दिवशी सांगतात, उद्या तुला ताप येणार आहे, घरीच थांब.” ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली, की भाऊसाहेबांचं लिहिणं थांबलं. “पहिल्या परीक्षेला आला होता. दुसऱ्या वेळी बुधवारीही यायचा होता, पण ऑफिसातून माणूस बघायला येणार होता, म्हणून नाही आला.”

आई खिडकीकडे बघत होती. एकसष्ट शाळांच्या याद्या हेडसरांनी आयुष्यभर वाचल्या होत्या, आणि त्यांतल्या एकाही रकान्यात ही मुलगी नव्हती.

“मला भागाकार येत नाही,” मुलगी म्हणाली. आधीच सांगितलेलं बरं, अशा आवाजात. “तरी इथे परीक्षेला बसायचं का?”

“तरी बसायचं.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

तिनं आईकडे पाहिलं, मग हेडसरांकडे. “आज कुठल्या बाकावर बसू?”

“अगं, अजून प्रवेशाचा फॉर्म भरायचाय, दाखला यायचाय,” भाऊसाहेब म्हणाले.

“ते सगळं आईला भरू दे,” हेडसर उठत म्हणाले. “तू चल. गणिताचा तास आहे.”